ऐंशीवर अडकलेला काटा

कोपियापो शहराबाहेरच्या घाटात ज्या वळणावर इस्माएलची गाडी दरीत गेली, तिथेच त्याच्या आईने, होर्तेन्सियाने, त्याच्या नावाची घुमटी बांधली होती. आत काचेआड गाडीचा स्पीडोमीटर होता. काटा ऐंशीवर अडकलेला.

"ऐंशीच्या वर जाणार नाही म्हणाला होता, नाहीच गेला," ती नवऱ्याला म्हणाली. "मेले पोलीस म्हणतात, नव्वदीच्या पुढे होता. अहो, तुम्ही जन्मभर यंत्रं शिकवलीत. काटा खोटं बोलतो का?"

"नाही गं. तो चाकाच्या फेऱ्या मोजतो," एवारिस्तो म्हणाले. मोठ्या चाकाची प्रत्येक फेरी अधिक रस्ता कापते, हे त्यांनी आजही सांगितले नाही.



होर्तेन्सियाने घुमटीभोवतीच्या चार टायरांत लावलेल्या फुलांना पाणी घातले. मूळ मापापेक्षा मोठे ते टायर एवारिस्तोंनीच, मुलाच्या वाढदिवसाची भेट म्हणून, स्वतःच्या हातांनी त्याच्या गाडीला बसवले होते.