ताईचा शब्द

वडपे गावातल्या एका कंपनीच्या गोडाऊनमध्ये वनिता आठ वर्षं खोके भरत होती. तिने युनियन उभी केली आणि महिन्याभरात कंपनीने तिला काढलं. कायद्यातली सुपरवायझरची व्याख्या नुकतीच बदलली होती. कंपनी म्हणाली, वनिता कामगार नाहीच, सुपरवायझर आहे. तिला युनियनचा हक्क नाही.

वनिताने कामगार कार्यालयात तक्रार केली. सुनावणीला पॅकिंगच्या बायका ड्युटी बुडवून आल्या. त्यांच्यातल्या कलावतीने वनिताचा हात धरून अधिकाऱ्यापुढे उघडा केला.

"घट्टे बघा, साहेब. सुपरवायझरचा हात असा असतो काय?"

अधिकारी हसला. "हिचं ऐकता का तुम्ही?"

"ऐकता म्हंजे?" कलावती ताठ झाली. "ताई बस म्हणाली का बसतो, ऊठ म्हणाली का उठतो. मॅनेजर गेला उडत!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. वनिताने कलावतीचा पदर ओढला, पण तोवर अधिकाऱ्याने वाक्य लिहून घेतलं होतं. खाली त्याने कलावतीची सही घेतली. तिने ती मोठ्या अभिमानाने केली.

* * *

निकालात वनिता सुपरवायझर ठरली. कारण एकच दिलं होतं, इतर बायका तिच्या हुकमावर उठतात-बसतात.