एकाच नावाच्या दोन फाइली

बाण सरकला. नईमाचा हात माउसवर होता, पण तिनं तो हलवला नव्हता. मुख्यालयातले साहेब तिकडे बसल्या बसल्या तिच्या कॉम्प्युटरमध्ये शिरले होते. कापूस खरेदी केंद्राचा आज शेवटचा दिवस, आणि नवं सॉफ्टवेअर पॅकेज चढवायला यांना आजचाच दिवस सापडला.

पडद्यावर लाल अक्षरं आली. अपग्रेड अडलं.

"काहून थांबली हे?" खिडकीतून जानरावनं विचारलं. वलगावकडचा माणूस. नंबर एक्केचाळीस. बोंडअळीतून वाचला तेवढा कापूस गाडीत भरून आणलेला आणि चार दिवसांपासून त्याच गाडीखाली झोपलेला.

"काका, तुमच्या सगळ्यायच्या नंबराची फाइल जुन्या पॅकेजची हाय. नवीन पॅकेजबी त्याच नावाची फाइल घेऊन आलं, तेबी रिकामी. मशीन म्हणते, दुसऱ्याच्या फाइलवर मी नाही लिहीत."

"मंग आमच्या सरपंचापेक्षा शहाणी हाय! दुसऱ्याच्या वावरात घुसाच्या आंधी थांबते तरी."

रांग हसली. नईमा हसली नाही. तिनं फोन कानाशी दाबला.

"सर, आधी त्या फाइलची नक्कल काढा. दोनशे बारा जणांचे नंबर आहेत तिच्यात."

"अकराला वरची मीटिंग आहे, मॅडम. सगळी केंद्रं नव्या पॅकेजवर दिसली पाहिजेत. जबरदस्तीनं चढवता येतं, एवढंही माहीत नाही?"

फोन बंद. बाण त्या पर्यायाकडे निघाला. तिनं माउस आपटला. बाणाला काही फरक पडला नाही. वायर उपटावी वाटलं, पण अपग्रेड अर्ध्यात तुटलं तर वजनकाटाच बंद पडणार.

चूक यंत्राची नव्हती, हे लिहून ठेवलं पाहिजे. यंत्र अडलं होतं. माणूस अडला नाही.

दोन मिनिटांत सगळं हिरवं झालं.

जानरावनं पावती आत सरकवली. नईमानं नंबर टाकला. 'नोंद सापडली नाही.' पुन्हा टाकला. मागच्याचा टाकला, त्याच्या मागच्याचा. नोंद नाही. नोंदीशिवाय काटा उघडत नाही, आणि नवी नोंदणी आठवड्यापूर्वीच बंद झालेली.

"बाई, मी हाय ना इथं," जानराव म्हणाला. "गाडी हाय. कापूस हाय. पावतीवर शिक्का तुमचाच हाय. पाहून घ्या ना!"

ती पाहतच होती. शिक्का मारणारा हातही तिचाच होता. मागून कोणी खिडकीच्या गजावर काठी हाणली.

साडेअकराला फोन वाजला.

"सर, यादी..."

"अभिनंदन, मॅडम! मीटिंगमध्ये तुमचं खास कौतुक झालं. शेवटच्या दिवशी रांगेत एकही शेतकरी शिल्लक नाही, असं तुमचं एकच केंद्र!"