पुढच्या वर्षाचा अंदाज

"लुटायलाच बसलेत लेकाचे!" शेंडेवाल्याने खुर्ची मागे सारली. "अर्ज भरला तेव्हा आकडा वेगळा होता. आता बघ, दीडपट!"

"आधी खाली बस," ताई म्हणाली. "आणि स्क्रीनला बोट लावू नकोस, डाग पडतो."

उंच झाडांचे शेंडे उतरवणं हा त्याचा धंदा, म्हणून सगळे त्याला शेंडेवाला म्हणत. कमरेला दोर बांधून, करवत घेऊन तो सरसर वर जायचा. लॅपटॉपसमोर मात्र त्याला घाम फुटायचा. तरी कराचा अर्ज यंदा त्याने हट्टाने एकट्यानेच ऑनलाइन भरला होता. आपला कर आपणच मांडायचा, त्यात काय मोठंसं! आणि मग खात्यात हे भलतंच बिल दिसायला लागलं. हेल्पलाइनवर ताटकळून कान लाल झाले, तेव्हा कुठे त्याने थोरल्या बहिणीला बोलावलं. तिची हयात औषधांच्या दुकानाचे हिशेब बघण्यात गेली होती.

ताईने चष्मा नाकावर ओढून एकेक ओळ वाचली. स्वयंपाकघरातून त्याची बायको भांडी घासत असल्याचा आवाज येत होता.

"चुकलेलं काही नाही रे. हा सरलेल्या वर्षाचा कर, तू मांडलास तेवढाच. आणि हा खालचा, पुढच्या वर्षाचा आगाऊ हप्ता."

"पुढचं वर्ष अजून उजाडायचंय!"

"यंदा कमावलंस तेवढंच पुढेही कमावशील, असं धरून चालतात ते."

"असं कोण म्हणालं? मी म्हणालो?"

"तू काहीच म्हणाला नाहीस, म्हणून तर धरलं. कमी करून घेता येतो. कमाई घटणार असेल तर तसं कळवायचं, कारण निवडायचं." तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. "घटणार आहे का?"

शेंडेवाला खिडकीबाहेर बघत राहिला.

"सांग की. नसेल घटणार तर भरून मोकळा हो. उगाच खोटं कळवलंस तर नंतर व्याजासकट काढून घेतात."

"घटेल," तो म्हणाला.

"का? कामं नाहीत?"

"कामं आहेत. मीच जात नाही."

आत नळ बंद झाला. शेंडेवाल्याने आवाज खाली आणला, मग त्यालाच ते हास्यास्पद वाटलं असावं. तो नेहमीच्या आवाजात बोलू लागला.

"एका सुरूच्या झाडाच्या शेंड्यावर होतो. दोर पक्का, पाय पक्का. आणि एकदम खालची जमीन गरगरत वर यायला लागली. खोडाला मिठी मारून बसलो, पोर आईला चिकटतं तसा. उतरायचं धाडस होईना. त्यानंतर वर गेलोच नाही. लोकांना सांगतो, दोर दुरुस्तीला दिलाय. हिला सांगतो, हंगाम मंदीचा आहे."

ताईने कारणांची यादी उघडली. "आजारपण?"

"आजारी नाहीये मी."

"धंदा बंद?"

त्याने खुर्ची आणखी मागे सारली.

"इतर लिहा, ताई." बायको हात पुसत दारात उभी होती. ती नवऱ्याकडे बघत नव्हती, स्क्रीनकडे बघत होती. "आणि पुढे किती मिळेल ते विचारलं असेल, तर कुंपणाची कामं धरा. झुडपांची छाटणी धरा. गिऱ्हाइकं येऊन विचारतात, हेच नको म्हणतात."

"ते काय माझं काम आहे?" शेंडेवाला पुटपुटला. "खांद्याएवढ्या झुडपांचं?"

"मला खांद्याएवढंच बरं." आता तिने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही वर असलात की दारात कुणी उभं राहिलं तरी मला वाटायचं, वाईट बातमीच आली. इतकी वर्षं."

ताईने एक आकडा सुचवला, बायकोने तो थोडा खाली आणला, आणि शेंडेवाल्याने मान हलवली. बिल उतरलं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुणाच्या तरी छपरावर झुकलेलं उंच झाड होतं, घाईचं काम होतं, मागाल ते देतो म्हणत होते. सवयीने तो दोराचं काहीतरी सांगणार होता. तोंड उघडलं आणि मिटलं.

"मी आता चढत नाही," तो म्हणाला.

पलीकडून काहीतरी विचारणा झाली.

"नाही नाही, नंबर बरोबर लागलाय," शेंडेवाला म्हणाला. "मीच बोलतोय."