रांगेत शेवटचं कोण?

साहेब, आमच्या गावाची बस तुम्ही सरकारी लोकांनी बंद केलीत. म्हणून ऐन लग्नाच्या दिवशी पांढरा झगा सावरत मी माझ्या नवरदेवाबरोबर, ओरिस्बेलबरोबर, फाट्यावर आले. अख्खा क्युबा जातो तसं, मिळेल त्या गाडीनं जायला. रिवाजाप्रमाणे विचारलं, "रांगेत शेवटचं कोण?"

एका बाईंनी हात वर केला. शहरातल्या लग्ननोंदणी कचेरीत आमचं लग्न लावणार होत्या, त्या मिग्दालियाबाईच!

गाड्या थांबवायला नेमलेल्या पिवळ्या गणवेशातल्या बाईनं पेरूंचा सरकारी ट्रक अडवला. "दोघांचीच जागा आहे. नवरीला पुढे घ्या रे!" रांगेनं आम्हाला पुढे ढकललं.

"आम्ही जाऊन काय करू?" मी ओरडले. "लग्न लावणारी तर मागेच राहतेय!"

"मग उरका की इथंच," ड्रायव्हर म्हणाला. "साक्षीला मी आहे, ही पिवळी बाई आहे. पेरू थांबतील तेवढे."

टाळ्यांत लग्न लागलं. वऱ्हाडानं पेरू खाल्ले.

आता तुम्ही कळवता, कचेरीबाहेरचं लग्न आम्ही मानत नाही, दोघांनी साक्षीदारांसह हजर व्हा. होतो की! अख्खी रांग घेऊन येतो. फक्त एवढं सांगा साहेब, बस किती वाजता आहे?