नीळ

नर्सिंगचा पांढरा युनिफॉर्म पहिल्यांदाच धुवायचा होता आणि आई नेमकी मावशीकडे गेलेली. "पांढऱ्याला नीळ हवीच," म्हणत बाबांनी बादलीत अर्धी बाटली रिकामी केली. दुसरा जोड अजून शिंप्याकडेच, म्हणून तोच अंगावर चढवला. वॉर्डात सगळ्या पांढऱ्याशुभ्र आणि मी आकाशाचा तुकडा! ट्यूटर मॅडमनी सगळ्यांदेखत झापलं. बाबांचा असा राग आला की विचारू नका.

दुपारी मोतीबिंदूवाल्या आजोबांनी हाक मारली. "ए निळ्या पोरी, पाणी देतेस?"

मी वैतागलेच. "एवढ्या जणी आहेत इथे, मीच बरी दिसले तुम्हाला?"

"तूच दिसलीस गं. पांढऱ्या भिंती, पांढऱ्या चादरी, पांढऱ्या तुम्ही. तहान लागली तरी हाक कुणाला मारायची, तेच कळायचं नाही."

घरी पोचले तर बाबा ओशाळं तोंड करून बादली भरून बसलेले. "दे, भिजत घालतो. चार पाण्यांतून काढला की जाईल निळेपणा."

वाटेत शिंप्याकडून आणलेला कोरा पांढरा युनिफॉर्म मी त्यांच्या हातात दिला.

"बाबा, यालाही तेवढीच घाला."