माथ्यावरचं नाव

मुंबईतल्या विद्यापीठाच्या संगणकावरचा कंपायलर, म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाषी, रत्नागिरी केंद्राच्या नव्या संगणकावर बसवता बसवता कुंदाचा अख्खा पावसाळा गेला. इथल्या यंत्राच्या तऱ्हा निराळ्या, त्या तिनं त्याला एकेक करून शिकवल्या. आता तो बिनचूक चालत होता. फक्त छापून आलेल्या प्रत्येक कागदाच्या माथ्यावर अजून मुंबईच्या यंत्राचंच नाव उमटत होतं, आणि उद्या कुलगुरू बघायला येणार होते.

"इतके दिवस झाले त्याला इथं येऊन," मुळ्ये सर चक्रावून म्हणाले. "काम सगळं इथलं करतो, मग नाव तिथलं कसं सांगतो?"

"काही कळत नाही, सर. नाव तर मी बदललंय." कुंदा पुन्हा कागदात डोकं घालून बसली.

"अगो अनघा, चहा निवतोय."

तिनं मान वर केली नाही. सरांनी पुन्हा हाक मारली, तेव्हा कोण आलंय ते बघायला ती दाराकडे वळली. दारात कोणीच नव्हतं. खोलीत ती आणि सर, दोघंच.

मग तिला आठवलं. वैशाखात, लग्नाच्या दिवशी, तांदळाच्या ताटात नवऱ्यानं अंगठीनं लिहिलेलं नाव.

तिनं चहाचा कप पुढ्यात ओढला.

"सर," ती म्हणाली, "त्याला अजून थोडे दिवस द्या."