धारणकरकाकांची ऊब

"हे काय, हिमालयात निघालात?" टेकडीच्या पायथ्याशी धारणकरकाकांनी माझी कानटोपी दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली.

आमच्या सकाळी फिरणाऱ्या गटात थंडी वाजणं हा गुन्हा आहे. पारा नऊवर उतरला तरी सहाही ज्येष्ठ अर्ध्या बाह्यांच्या शर्टात हजर. स्वेटर, मफलर, हातमोजे आणि आईनं विणलेली लाडकी कानटोपी असा लवाजमा माझा एकट्याचाच. "आमची ऊब रक्तात आहे," काका रोज ऐकवतात आणि मी रोज थक्क होतो. अख्खा हिवाळा थक्क होत राहणं सोपं नाही. बायको म्हणते, "शिका जरा त्यांच्याकडून."

रविवारी टेकडीखाली हृदयतपासणीचं मोफत शिबिर होतं. आपल्या रक्ताची कीर्ती डॉक्टरांनाही कळावी म्हणून काकाच सगळ्यांना पुढे घेऊन गेले.

"शर्टाची बटणं सोडा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

कुणी हलेना. मग नाइलाजानं एकेक शर्ट उघडला. सगळ्यांच्या आत बिनबाह्यांचे थर्मल, एकाच रंगाचे, बहुधा एकाच सेलमधले. काकांनी तर दोन चढवले होते आणि वर पोटाशी गरम पाण्याची रबरी पिशवी बांधली होती.

"कंबर धरलीय, म्हणून," काका पोटावर हात ठेवून म्हणाले.

मी कानटोपी तोंडापर्यंत ओढली. हसू दिसू नये एवढी सभ्यता माझ्यात आहे.

दुसऱ्या दिवशी मात्र थर्मास भरून आल्याचा कढत चहा नेला.

"काका, कपात ओतू की पिशवीत?"